पाच सुपाऱ्या आणि पळीभर तेल : भास्कराचार्यांच्या मठाचा खर्च खानदेशातल्या बाजारानं असा उचलला होता

७ जून १९७९. तेव्हाच्या सोव्हिएत रशियातल्या कापुस्तिन यार तळावरून भारताचा दुसरा उपग्रह अवकाशात गेला. पहिल्याचं नाव होतं आर्यभट, दुसऱ्याचं भास्कर.

भास्करचं मुख्य काम जमिनीकडे आणि समुद्राकडे बघायचं होतं. जंगलं कुठं आहेत, पाणी किती आहे, समुद्रावरची हवा कशी आहे, ही माहिती त्याला गोळा करायची होती. पण त्याच्यावर एक उपकरण असंही बसवलं होतं, जे जमिनीऐवजी आकाशातून येणारे क्ष-किरण टिपणार होतं. क्ष-किरण म्हणजे हाड मोडल्यावर आपण काढतो तो एक्स-रे. हे किरण आकाशातूनही येतात, आणि त्यांच्यामुळंच आज आपल्याला विश्वातल्या सगळ्यात मोठ्या वस्त्यांबद्दल, म्हणजे दीर्घिकांच्या समूहांबद्दल माहिती मिळते.

आता या उपग्रहाचं नाव. भारतात भास्कर नावाचे दोन मोठे गणिती होऊन गेले. एक सातव्या शतकातले आणि दुसरे बाराव्या शतकातले. यातल्या दुसऱ्यांना आपण भास्कराचार्य म्हणतो. त्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा सापडतो तो जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटरवर, पाटणादेवीच्या डोंगरात.

तिथं एक शिलालेख आहे. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती तर आहेच, पण त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पैसा कुठून यायचा, याचाही हिशोब आहे. हा हिशोब कळण्यासाठी आधी हा माणूस नेमका कोण होता ते बघावं लागतं.

जन्म शके १०३६, गाव विज्जडविड

जुन्या काळातल्या विद्वानांची जन्मतारीख शोधणं म्हणजे मोठं अवघड काम असतं. भास्कराचार्यांनी मात्र ते सोपं करून ठेवलंय. आपला जन्म शके १०३६ मध्ये झाला आणि वयाच्या ३६ व्या वर्षी आपण सिद्धान्तशिरोमणी लिहिला, हे त्यांनी स्वतःच ग्रंथात नोंदवलं. म्हणजे जन्म इ.स. १११४ चा आणि ग्रंथ ११५० चा.

गावाचं नावही त्यांनी दिलंय. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जडविड. हे गाव म्हणजे आजचं कुठलं, यावर दीडशे वर्षं वाद चालू आहे. काही अभ्यासक कर्नाटकातलं विजापूर म्हणतात, काही जण मराठवाड्यातल्या बीडकडे बोट दाखवतात, तर बरेच मराठी अभ्यासक ते पाटणच्या आसपास असल्याचं मानतात. जन्मगावाचा वाद काहीही असो, त्यांच्या मुलाचं आणि नातवाचं नाव पाटणच्या दगडावर कोरलेलं आहे, यावर वाद नाही.

त्यांचे वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. गणित आणि ज्योतिष दोन्ही त्यांनी घरातच शिकलं. शिलालेखात या घराण्याच्या आणखी मागच्या पिढ्याही येतात. त्रिविक्रम, मग राजा भोजाकडून विद्यापती ही पदवी मिळवणारे भास्करभट्ट, पुढं गोविंद, प्रभाकर, मनोरथ आणि मग महेश्वर. म्हणजे भास्कराचार्य एकाएकी उगवले नव्हते. त्यांच्या मागं सहा पिढ्यांची विद्या होती.

एकच ग्रंथ, चार भाग

सिद्धान्तशिरोमणीचे चार भाग आहेत. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिल्यात अंकगणित आणि भूमिती, दुसऱ्यात अव्यक्त संख्यांचं गणित, तिसऱ्यात ग्रहांची स्थानं आणि ग्रहणं काढायची रीत, आणि चौथ्यात या रीतीमागचं कारण.

यातली लीलावती सगळ्यात जास्त गाजली. लीलावती ही त्यांची मुलगी, तिच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रात मोती अडकल्यामुळं हुकला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ही गोष्ट अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरात येते. म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून जास्त वर्षांनी. भास्कराचार्यांनी स्वतः असं काही लिहिलेलं नाही.

लीलावतीचं खरं वैशिष्ट्य तिच्यातल्या उदाहरणांत आहे. एक भुंग्यांचा थवा आहे. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ काढलं तर येतील तितके भुंगे मालतीच्या फुलांवर गेले. थव्याचे आठ नवमांशही तिकडेच गेले. मागं उरली एक जोडी, एक कमळात अडकलेला आणि एक बाहेर गुणगुणणारी. तर एकूण भुंगे किती? उत्तर ७२. निम्मे ३६, त्यांचं वर्गमूळ ६. आठ नवमांश म्हणजे ६४. वरची जोडी धरली की ६ अधिक ६४ अधिक २, बरोबर ७२. वर्गसमीकरण असं फुलाभोवती फिरवून शिकवणारा मास्तर बाराव्या शतकात होता.

बीजगणितात तर त्यांनी एक प्रश्न असा घेतलाय की, एका संख्येच्या वर्गाला ६१ नं गुणायचं, त्यात १ मिळवायचा आणि जे येईल तो पुन्हा पूर्ण वर्ग असला पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. पण याचं सगळ्यात लहान उत्तर आहे २२ कोटी ६१ लाख ५३ हजार ९८०, आणि दुसरी संख्या आहे १७६ कोटी ६३ लाख १९ हजार ४९. चक्रवाल नावाच्या पद्धतीनं त्यांनी हे उत्तर थोड्याच पायऱ्यांत काढलं. ही पद्धत त्यांच्याआधी जयदेव या गणितज्ञाकडेही दिसते. युरोपात हाच ६१ चा प्रश्न फर्मा या फ्रेंच गणितज्ञानं १६५७ साली इतरांपुढं ठेवला, तेव्हा सिद्धान्तशिरोमणी लिहून ५०७ वर्षं झाली होती.

पृथ्वीला फेरी न मारता पृथ्वी मोजायची

पण भास्कराचार्यांचं मन रमत होतं ते आकाशात. आणि आकाशाच्या अभ्यासात एक कायमची अडचण असते. ज्याचं मोजमाप घ्यायचं, तिथपर्यंत पोचता येत नाही.

पृथ्वीचाच परीघ घ्या. भास्कराचार्यांनी गोलाध्यायात याची रीत सांगितली आहे. आधी एक गोष्ट लक्षात घ्या. विषुववृत्तावर ध्रुवतारा क्षितिजाला टेकलेला असतो. तुम्ही जितकं उत्तरेला जाल तितका तो वर चढतो. जळगाव किंवा धुळ्यातून बघितला तर तो क्षितिजापासून साधारण २१ अंश वर असतो. हात ताठ करून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते. म्हणजे उत्तरेला क्षितिजापासून दोन मुठी मोजल्या की ध्रुवतारा सापडतो. आज रात्री गच्चीवर जाऊन करून बघा.

तर भास्कराचार्यांचं म्हणणं असं की, उज्जैन विषुववृत्तापासून पृथ्वीच्या परिघाच्या एक सोळांश अंतरावर आहे, असं गणितानं निघतं. ३६० अंशांचा सोळावा भाग म्हणजे साडेबावीस अंश. मग तेवढं अंतर मोजायचं आणि १६ नं गुणायचं. झाला पृथ्वीचा परीघ. आजच्या मोजणीनुसार उज्जैन २३ अंशांच्या थोडं वर आहे, म्हणजे त्यांचा आकडाही फार लांब नव्हता.

पृथ्वी गोल असेल तर ती सपाट का दिसते, याचंही उत्तर त्यांनी दिलं. कुठल्याही वर्तुळाचा शंभरावा भाग बघितला तर तो सरळच वाटतो. पृथ्वी केवढी मोठी आणि तिच्यावरचा माणूस केवढा लहान. त्याच्या नजरेच्या टप्प्यात येणारा तुकडा सपाटच दिसणार.

ग्रहणांचंही तसंच. चंद्रग्रहण चंद्राच्या पूर्वेकडच्या कडेपासून सुरू होतं आणि सूर्यग्रहण सूर्याच्या पश्चिमेकडच्या कडेपासून. असं का, तर चंद्र पूर्वेकडे सरकत असतो. तो पृथ्वीच्या सावलीत शिरताना त्याची पूर्वेची कड आधी बुडते, आणि तो सूर्यासमोर येताना सूर्याची पश्चिमेची कड आधी झाकली जाते. दोन्ही ग्रहणं वेगवेगळ्या कारणांनी होतात, हे त्यांनी या फरकावरून पटवून दिलं. राहूची कथा त्यांनी मोडीत काढली नाही, तिला सावलीच्या हिशोबात जागा करून दिली. गणित मात्र सावलीचंच केलं.

गोलाध्यायात यंत्रांवर एक प्रकरण आहे. शंकू, चक्र, घटीयंत्र, गोलयंत्र, आणि त्यांनी स्वतः बनवलेलं फलकयंत्र. एवढी यंत्रं सांगून झाल्यावर ते म्हणतात ते असं की, सगळ्यात उत्तम यंत्र म्हणजे बुद्धी.

गुरुत्वाकर्षणाचा तो फॉरवर्ड

व्हॉट्सॲपवर एक मेसेज दर काही महिन्यांनी फिरतो. गुरुत्वाकर्षणाचा शोध न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी भास्कराचार्यांनी लावला, असा. यात खरं किती?

पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे आणि ती आकाशातल्या जड वस्तू स्वतःकडे ओढते, म्हणून त्या पडल्यासारख्या वाटतात, हा विचार गोलाध्यायात नक्की आहे. पृथ्वी कशावर टेकली आहे, या प्रश्नावरचं त्यांचं उत्तरही जोरदार आहे. तिला आधार मानला तर त्या आधाराला दुसरा आधार, त्याला तिसरा, असं मानतच जावं लागेल. कुठं तरी थांबून एखादी गोष्ट स्वतःच्या शक्तीनं टिकून आहे असं म्हणायचंच असेल, तर ते पहिल्यांदाच पृथ्वीबद्दल का म्हणू नये?

पण न्यूटननं १६८७ साली जे मांडलं ते वेगळं होतं. अंतर दुप्पट झालं की ओढ किती कमी होते, याचा नियम त्यानं दिला आणि झाडावरून पडणाऱ्या फळाला आणि चंद्राला एकच नियम लागू केला. भास्कराचार्यांच्या विश्वात पृथ्वी मध्यभागी स्थिर होती आणि चंद्र-सूर्य तिच्याभोवती फिरत होते. त्यांच्या आकर्षणाचं असं गणित त्यांनी केलेलं नाही.

म्हणून त्यांचं मोठेपण कमी होतं का? अजिबात नाही. उलट या मेसेजमुळं त्यांचं जे खरोखर मोठं काम आहे, ते झाकलं जातं. ग्रहाचा वेग दिवसभर सारखा नसतो, त्यामुळं दिवसाची सरासरी गती धरून चालत नाही, त्या त्या क्षणाची गती काढावी लागते, हे त्यांनी ओळखलं. ती तात्कालिक गती काढण्याची रीत त्यांनी दिली. पुढं ज्याला कॅल्क्युलस म्हणतात त्याच्या फार जवळ ते पोचले होते.

६९ व्या वर्षी पुन्हा लेखणी

सिद्धान्तशिरोमणीत ग्रहांचं गणित कल्पाच्या सुरुवातीपासून होतं. एक कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षं. एवढ्या मोठ्या आकड्यांपासून आजचा ग्रह कुठं आहे ते काढायचं म्हणजे पंचांग करणाऱ्याचा दिवस त्यातच जाणार.

मग ११८३ साली, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्यांनी करणकुतूहल लिहिला. यात हिशोबाची सुरुवात त्याच वर्षापासून धरली. आकडे लहान झाले, काम सोपं झालं. वर्षानुवर्षं पंचांगकर्ते हा ग्रंथ वापरत राहिले. ज्या माणसानं ३६ व्या वर्षी मोठा ग्रंथ लिहून नाव कमावलं, तो ६९ व्या वर्षी रोजच्या वापराची पुस्तिका लिहायला बसला. कारण आपलं गणित दुसऱ्याला करता आलं पाहिजे, ही त्यांची शिक्षकाची सवय सुटली नव्हती.

श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहण आणि मठाचं दान

भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर. त्याची विद्वत्ता ऐकून यादव राजा जैत्रपालानं त्याला पाटणमधून बोलावून घेतलं आणि पंडितांचा प्रमुख केलं. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव. तो जैत्रपालाचा मुलगा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी झाला.

या चांगदेवानं पाटणला एक मठ सुरू केला. कशासाठी, तर आजोबांचा सिद्धान्तशिरोमणी, त्यांचे इतर ग्रंथ आणि घराण्यातल्या बाकीच्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. तेव्हा या भागात यादवांचे मांडलिक असलेलं निकुंभ घराणं राज्य करत होतं. त्यांच्यातल्या सोइदेवानं मठाला दान दिलं. दिवस होता श्रावण पौर्णिमेचा, साल इ.स. १२०७, आणि त्या दिवशी चंद्रग्रहण होतं. ग्रहणात दान देणं ही तेव्हाची रीतच. पण ग्रहणाचं गणित शिकवणाऱ्या मठाला ग्रहणाच्याच मुहूर्तावर दान मिळावं, हा योग खासच.

पुढं सोइदेवाच्या भावानं, हेमाडीदेवानं राज्य सांभाळलं, आणि शिलालेखात त्याचंही नाव आहे.

आता या शिलालेखातली खरी गंमत. घराण्याची स्तुती, राजांची वर्णनं, हे सगळं संस्कृतात आहे. पण शेवटी मठाला काय काय मिळणार याची यादी येते, तेव्हा लेख मराठीत शिरतो. जुन्या मराठीतल्या सुरुवातीच्या शिलालेखांमध्ये पाटणच्या या लेखाची गणती होते.

त्या यादीत काय आहे? पाटणच्या बाजारात जो माल विकायला येईल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जो कर मिळायचा, तो मठाला दिला. गिऱ्हाइकाकडून दामाचा विसावा भाग. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. आणि जितके तेलाचे घाणे चालतील, तितक्या घाण्यांमागं एकेक पळी तेल.

ही यादी मराठीत का आहे, ते सहज कळण्यासारखं आहे. वंशावळ विद्वानांसाठी होती. कराची यादी मात्र ज्यांच्याकडून घ्यायचं त्यांना कळायला हवी होती. तेल्याला, वाण्याला, बाजाराला आलेल्या शेतकऱ्याला.

म्हणजे आठशे वर्षांपूर्वी खानदेशातला माणूस बाजारात गेला की त्याच्या सुपाऱ्यांतून, त्याच्या तेलातून ग्रहगणिताचं शिक्षण चालत होतं. त्यातल्या बहुतेकांना त्या मठात काय शिकवतात हे कळत नसणार. तरी मठ चालला तो त्यांच्या जिवावर.

भास्कराचार्यांचे भाऊ श्रीपती. त्यांचा नातू अनंतदेव हाही सिंघण राजाचा ज्योतिषी होता. त्यानं चाळीसगाव तालुक्यातच गिरणेकाठच्या बहाळला भवानीचं देऊळ बांधलं आणि शके ११४४ चा, म्हणजे इ.स. १२२२ चा शिलालेख कोरून ठेवला. एकाच तालुक्यात एकाच घराण्याचे दोन शिलालेख.

मठ गेला, ग्रंथ राहिले

पुढं यादवांचं राज्य गेलं, मठ बंद पडला, पाटणचं शहर जंगलात हरवलं. पण ग्रंथ हातोहात फिरत राहिले. १५४५ साली कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. फैजीनं लीलावती फारसीत नेली. १८१६ मध्ये मुंबईत जॉन टेलरचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं आणि पुढच्याच वर्षी कोलब्रूकचं भाषांतर आलं.

शिलालेख मात्र डोंगरातल्या देवळात तसाच होता. मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला आणि १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातल्या लेखात त्याची माहिती दिली. तेव्हा जळगाव आणि धुळे असे वेगळे जिल्हे नव्हते. सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा होता आणि धुळं त्याचं मुख्य ठिकाण. भाऊ दाजी पेशानं डॉक्टर, कुष्ठरोगावर औषध शोधणारे. पण त्यांच्यामुळं भास्कराचार्यांचं घराणं, मठ आणि ते पाच सुपाऱ्यांचं दान जगाला कळलं.

आकाशातले क्ष-किरण, आणि तीच जुनी अडचण

आता परत येऊ भास्कर उपग्रहाकडे. त्याच्यावरचं क्ष-किरण उपकरण कशासाठी होतं? आकाशात काही तारे अचानक क्ष-किरणांत उजळतात आणि विझतात, त्यांच्यावर नजर ठेवायला. हे काम जमिनीवरून होत नाही. आकाशातून येणारे क्ष-किरण वातावरण शोषून घेतं. आपल्यासाठी ते चांगलंच आहे, नाहीतर जगणं मुश्कील झालं असतं. पण खगोलशास्त्रज्ञाला मग फुगा, रॉकेट नाहीतर उपग्रह वर पाठवावाच लागतो. आर्यभटवरही असं उपकरण होतं, पण वीजपुरवठा बिघडून थोड्याच दिवसांत त्याचे प्रयोग थांबले होते.

अमेरिकेचा उहुरू हा उपग्रह १९७० च्या डिसेंबरमध्ये वर गेला. पूर्णपणे क्ष-किरण खगोलशास्त्रासाठी बनवलेला तो पहिलाच. त्यानं दाखवून दिलं की दीर्घिकांचे समूह क्ष-किरणांत झगझगीत दिसतात.

दीर्घिका म्हणजे गॅलेक्सी. अब्जावधी ताऱ्यांचा मेळा. आपली आकाशगंगा ही त्यातली एक. अशा शेकडो, कधी हजारावर दीर्घिका गुरुत्वाकर्षणानं एकत्र बांधल्या जातात, त्याला समूह म्हणतात. साध्या दुर्बिणीतून बघितलं तर या दीर्घिकांच्या मध्ये रिकामा काळोख दिसतो. पण तो रिकामा नाही. तिथं अतिशय विरळ वायू आहे, ज्याचं तापमान एक कोटी ते दहा कोटी अंशांपर्यंत असतं. इतका तापलेला वायू क्ष-किरण सोडतो. आणि समूहातल्या सगळ्या ताऱ्यांचं वजन केलं, तरी त्याच्या कित्येक पट वजन या वायूचं भरतं.

इथं पुन्हा भास्कराचार्यांची अडचण येते. हा समूह कोट्यवधी प्रकाशवर्षं लांब. त्याचं वजन करायचं कसं? क्ष-किरणांवरून वायू किती तापलाय ते कळतं. इतका तापलेला वायू खरं तर पसरून उडून जायला हवा. तो जात नाही, म्हणजे काहीतरी त्याला ओढून धरतंय. किती जोरानं ओढून धरलंय याचा हिशोब केला की समूहाचं वजन निघतं. उज्जैनच्या अक्षांशावरून पृथ्वीचा परीघ काढायचा, तसंच हे. हाती येणारी एक गोष्ट मोजायची आणि हाती न येणाऱ्या गोष्टीपर्यंत तर्कानं जायचं.

हिशोब केल्यावर लक्षात येतं की तारे आणि वायू मिळूनही वजन पुरत नाही. ८० टक्क्यांहून जास्त वजन अशा पदार्थाचं आहे, जो दिसतच नाही. स्विस शास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकीनं १९३३ मध्येच दीर्घिकांच्या वेगावरून ही शंका काढली होती. यालाच आज कृष्ण पदार्थ म्हणतात.

समूहात शिरलेल्या दीर्घिकेचं काय होतं?

धुळ्याच्या हायवेवरून दुचाकी जोरात चालवली की हवा शांत असली तरी तोंडावर वारा बसतो, आणि खांद्यावरचा रुमाल उडून जातो. समूहात शिरणाऱ्या दीर्घिकेचं असंच होतं. ती सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगानं त्या तापलेल्या वायूतून जाते. तिच्यातला स्वतःचा थंड वायू मागच्या मागं सोलून निघतो. तारे जड असल्यामुळं जागेवर राहतात, पण नवे तारे ज्या वायूतून बनतात तोच निघून जातो. मग हळूहळू नवे निळे तारे बनणं थांबतं, जुने तांबूस तारे उरतात. म्हणूनच समूहाच्या मध्यभागी म्हाताऱ्या, तांबूस, गोलसर दीर्घिका जास्त सापडतात.

सोलून निघालेल्या वायूच्या लांब शेपट्यांमुळं काही दीर्घिका जेलीफिशसारख्या दिसतात. भारताच्या ॲस्ट्रोसॅट या वेधशाळेनं, जी २८ सप्टेंबर २०१५ ला अवकाशात गेली, अतिनील प्रकाशात अशी एक दीर्घिका टिपली. एबेल ८५ नावाच्या समूहातली. तिच्या उडालेल्या शेपटीतसुद्धा नवे तारे बनत असल्याचं त्यात दिसलं. ॲस्ट्रोसॅटवर क्ष-किरण दुर्बीण आहे, ती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं बनवली. आणि आकाशावर नजर ठेवणारं एक क्ष-किरण उपकरणही आहे, १९७९ च्या भास्करवर होतं त्याच कामाचं.

पुण्याच्या आयुका आणि आयसरमधल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये तर समूहांचाही समूह शोधला. साधारण ४०० कोटी प्रकाशवर्षं लांब, मीन राशीच्या दिशेला, ज्यात किमान ४३ समूह आहेत. त्याला नाव दिलं सरस्वती.

यातलं काहीच भास्कराचार्यांना माहिती नव्हतं. दीर्घिका म्हणजे काय हेसुद्धा नाही. त्यांच्या ग्रंथात हे सगळं आधीच लिहिलंय असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण लांबून मोजायचं, कारण सांगायचं, पुढच्याला करता येईल असं सोपं करून ठेवायचं, ही त्यांची रीत आजच्या शास्त्रज्ञाला अनोळखी वाटणार नाही.

आणि पाटणच्या बाजारातली रीतही चालूच आहे. ॲस्ट्रोसॅट असो, आयुका असो की टाटा संस्था, यांचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. तिजोरी भरते ती आपण दुकानात जे बिल भरतो त्यावरच्या करातून. आपल्यातल्या बहुतेकांनाही तिथं नेमकं काय चाललंय हे ठाऊक नसतं. फरक एवढाच की तेल्याला आणि वाण्याला विचारायची सोय नव्हती, आपल्याला आहे.

पाटणादेवीला आज नवरात्रात मोठी गर्दी असते. आजूबाजूला गौताळा अभयारण्य, जवळच पितळखोऱ्याची लेणी. देवीचं दर्शन घेऊन झालं की तो शिलालेख कुठं आहे, हे तिथं जरूर विचारा. अक्षरं लागली नाहीत तरी शेवटचा मराठी भाग कुठून सुरू होतो, ते बघून या. तो आपल्या खापरपणज्यांनी भरलेल्या कराचा हिशोब आहे.